बाहेर असताना बाळाला अंगावर पाजायचं कसं? लग्नाला जायचंय, खूप टेन्शन आलंय

सईची_आई:
नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी साडेतीन महिन्यांची आहे, फक्त अंगावरच पिते, वरचं काहीच नाही. पुढच्या आठवड्यात चुलत दिराचं लग्न आहे सांगलीला, पुण्याहून एसटीने जायचंय आणि मग दोन दिवस हॉलवर. घरात काही प्रॉब्लेम नाही पण बाहेर पाजायचं म्हटलं की हातपाय गार पडतात माझे. मागच्या महिन्यात एका बारशाला गेलो होतो, ती रडायला लागली तशी एक काकू म्हणाल्या आत जाऊन पाज, आत म्हणजे भांडी ठेवायची खोली, पंखा नाही, बसायला जागा नाही, मी भिंतीला टेकून उभ्यानेच पाजत होते, ती घामाने भिजली, दोन घोट ओढायची नि सोडून रडायची, शेवटी मीही रडले. येताना स्टँडवर हिरकणी कक्ष दिसला म्हणून धावत गेले तर कुलूप. आता सासूबाई म्हणतायत प्रवासापुरती बाटली दे. मला नाही द्यायचीय. तुम्ही कसं करता, एसटीत, हॉलमध्ये? लग्न म्हणजे साडी नेसावीच लागणार. प्लीज सविस्तर सांगा.

दोन_पिल्लांची_आई:
अगं वाचूनच गलबललं मला, माझंही पहिल्या वेळी असंच झालेलं. एक सांगते, ती रडेपर्यंत थांबू नकोस. मूठ चोखायला लागली, मान वळवून तोंड शोधायला लागली की लगेच घे. रडून लाल झालेलं बाळ धड पकडत नाही आणि त्या रडण्यानेच सगळे वळून बघतात, शांतपणे पीत असलं की लोकांना वाटतं झोपलंय.

कपड्यांचं म्हणशील तर प्रवासात आतून स्लिप आणि वरून सैल कुर्ता, कुर्ता वर करायचा नि स्लिप खाली ओढायची, म्हणजे पोट-पाठ झाकलेली राहते. मला तर भीती पोट उघडं पडायचीच होती जास्त! चेनवाला फीडिंग कुर्ता असेल तर एका हाताने चेन उघडायची घरी आरशासमोर सवय कर, तिला मांडीवर घेऊनच. आरशात बघितलंस ना की कळेल, समोरून जवळपास काहीच दिसत नाही.

साडी तर सगळ्यात सोयीची आहे खरं तर. मऊ साडी नेस, पुढून हुकांचं ब्लाउज, खालचे दोन-तीन हूक काढले की पुरतं. फक्त खांद्यावर पिनांची रांग लावू नकोस, पदर सुटा हवा, आणि जरीचा काठ तिच्या गालाला टोचतो म्हणून मधे मऊ दुपटं ठेव. ओढणी किंवा स्टोलने झाकायचंच असं काही नाही, झाकलंस तर पातळ सुती घे आणि तिच्या नाकातोंडाशी हवा खेळती राहू दे.

एसटीत खिडकीची सीट, बाजूला नवरा. हल्ली अर्ध्या तिकिटामुळे बसमध्ये बायका भरपूर असतात, कुणीतरी सांभाळून घेतंच. घाटात मात्र पाजू नकोस, ब्रेक लागतात. निघायच्या आधी पोटभर पाज, मग साताऱ्याला नाहीतर कराडला बस थांबली की.

वॉर्डातली_सिस्टर:
मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे. बारशाच्या वेळी ती ओढून सोडत होती ना, त्याचं कारण उकाडा तर होताच पण दुसरं म्हणजे तू घाबरलेली होतीस. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळे, आणि भीती, लाज, दुखणं यांनी तो अडतो. दूध कमी झालेलं नसतं, पान्हा सुटायला वेळ लागतो एवढंच. म्हणून बाहेर पाजताना आधी टेकून बस, खांदे सैल सोड, दोन मोठे श्वास घे, तिच्या टाळूचा वास घे, मग जवळ घे. एकीकडून पिताना दुसरीकडून गळतं, तिथे सुती रुमालाची घडी ठेव.

बाटलीबद्दल, तुला नको असेल तर गरज नाही. डब्ल्यूएचओचा सल्ला पहिले 6 महिने फक्त आईचं दूध असाच आहे, उन्हाळ्यातही वरून पाणी लागत नाही. उलट प्रवासात बाटली उकळणार कुठे? आणि तासन् तास पाजलं नाहीस तर तुझी छाती दाटेल, गाठी होतील, ताप येईल, ते लग्नघरात फार त्रासाचं होतं.

सह्याद्री_बाबा:
मी बाबा आहे, आमचं पिल्लू आता दीड वर्षाचं. कुलपाचं वाचून फार वाईट वाटलं. रायगडचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरून गेली ती हिरकणी, महाराजांनी तिथे बुरूज बांधला अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो, तिचं नाव दिलेल्या खोलीला कुलूप बरं दिसतं का? कुलूप असेल तर चौकशी खिडकीवर जाऊन किल्ली मागायचीच, आणि ते काम तुमच्या मिस्टरांनी करायचं, तुम्ही बाळ घेऊन धावायचं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानेसुद्धा सांगितलंय की सार्वजनिक ठिकाणी पाजण्याकडे वाईट नजरेने बघता कामा नये. आणि डिसेंबर 2022 मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या होत्या, मग तुम्ही लग्नाच्या हॉलमध्ये का संकोचायचं?

मिरजेची_आक्का:
बाळा, हॉलवर गेलीस की खुर्ची भिंतीला लावून बायकांच्या घोळक्यात बस. आम्ही बाजारात, शेताच्या बांधावर पाजलंय पोरांना, कुणाला काही वाटायचं नाही. बँड आणि डीजेपासून लांब बस, दचकून सोडतात लेकरं. कुणी आत जा म्हणालं तर वाद घालू नको, "इथं वारा आहे, इथंच बरी आहे ती" एवढंच म्हणायचं आणि आपलं पाजत राहायचं.

सईची_आई:
आलो परत! सगळ्यांना मनापासून थँक्यू. जाताना शिरवळच्या आसपास तिने मूठ तोंडात घातली आणि माझी चेनच अडकली, घाम फुटला मला, शेवटी कुर्ता वर करूनच पाजलं, शेजारच्या सीटवरच्या मावशींनी काही न बोलता खिडकीचा पडदा ओढून दिला फक्त. कराडला थांबलो तेव्हा तर मी बाकावर बसूनच पाजलं, नवरा शेजारी भेळ खात गप्पा मारत होता. हॉलवर तिसऱ्या रांगेत होते, मंगलाष्टकं चालू असतानाच ती शोधायला लागली, तिथेच घेतली, डावीकडे पाजत मी उजव्या हाताने अक्षता टाकल्या. त्याच काकू आल्या होत्या, आत जाऊन बस म्हणाल्या, मी आक्कांचं वाक्य बोलणार तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "असू दे हो, आत उकडतं तिला", आणि माझा पदर नीट करून गेल्या.

फक्त दुसरीकडची रुमालाची घडी सरकली आणि साडीवर दुधाचे डाग पडलेत. कसे काढू?

दोन_पिल्लांची_आई:
किती छान वाटलं वाचून!! सुती असेल तर गार पाण्यात भिजव, गरम पाणी अजिबात नको, डाग पक्के बसतात. सिल्क असेल तर घरी काही करू नकोस, सरळ ड्रायक्लीनला दे आणि दुधाचा डाग आहे म्हणून सांग.