प्रतिसाद: आपल्यावर हल्ला झाला नाही तोवर युद्धात पडायचं नाही

वर म्हटलंय की तटस्थ राहिलं की कोणी वाटेला जात नाही, हे मला अजिबात पटत नाही. बेल्जियमचं बघा ना, १९३६ पासून फ्रान्सशी लष्करी करार सोडून तटस्थ झाले, मग १० जानेवारी १९४० ला एक जर्मन विमान त्यांच्याच हद्दीत उतरलं आणि त्यात हल्ल्याच्या प्लॅनचे कागद सापडले, म्हणजे पुरावा हातात होता, तरी ब्रिटिश-फ्रेंच सैन्याला आत येऊ दिलं नाही कारण तटस्थता मोडली असं व्हायला नको. १० मे ला हल्ला झालाच, त्यानंतर मदत धावत आली पण नीट मोर्चेबांधणी करायला वेळच नव्हता, आणि २८ मे ला शरणागती.

आधी स्वतःहून युद्धात उतरायला हवं होतं असं नाही म्हणत, छोट्या देशाला ते परवडत नाही हे मान्य. पण निदान मित्रसैन्याबरोबर संरक्षणाची तयारी तरी उघडपणे करायला हवी होती, अठरा दिवसांत देश गेला हो.