मदत हवी आहे: डॅलसच्या स्टेट फेअरला लायसन्सचं पिस्तूल पर्समधून नेलं तर चालतं का?

मुक्ताई_फ्रिस्को, २० सप्टेंबर २०२४

नमस्कार मंडळी. आधीच हात जोडते: बंदूक असावी की नसावी यावर इथे पूर्वी झालेल्या हाणामाऱ्या मी वाचल्या आहेत. तो विषय नको. मला फक्त नियम कळायला हवाय.

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत रात्रपाळी करते. पहाटे सुटते तेव्हा पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर मी आणि माझी गाडी, एवढंच असतं. दोन वर्षांपूर्वी एक माणूस लिफ्टपासून गाडीपर्यंत माझ्या मागे चालत आला. केलं काही नाही, गाडीशेजारी नुसता उभा राहिला. त्यानंतर मी क्लास लावला, ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्यांची परीक्षा दिली आणि टेक्सासचं एलटीसी, म्हणजे हँडगन बाळगायचं लायसन्स काढलं. पिस्तूल पर्सच्या वेगळ्या चेनच्या कप्प्यात, होल्स्टरमध्ये असतं. कामावर गाडीतल्या छोट्या तिजोरीत राहतं. नवरा त्याला हात लावत नाही आणि कपाट उघडायच्या आधी "ते आत आहे का?" असं विचारतो.

सासू-सासरे गणपती उरकून मंगळवेढ्याहून आलेत. पहिल्यांदाच. २८ तारखेच्या शनिवारी त्यांना फेअर पार्कला, म्हणजे स्टेट फेअरचा मेळा भरतो तिथे, न्यायचंय. बिग टेक्स हा काउबॉयचा भलामोठा पुतळा बघायचा, कॉर्नी डॉग म्हणजे काठीवरचं तळलेलं सॉसेज खायचं (सासरे खातील, सासूबाईंसाठी कणीस), मग पाळणा. टेक्सास स्टार २१२ फूट उंच. सासूबाईंना उंचीची भीती, त्या खाली बसतील, पर्स त्यांच्याकडे देईन.

आता गोंधळ असा. यंदा फेअरवाल्यांनी लायसन्सवाल्यांनाही बंदी केलीय म्हणे. राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि काल डॅलसच्या न्यायाधीशांनी स्थगिती नाकारली. ऑफिसमधला एकजण म्हणतो, अपील होईल, बंदी उडेल, आणि २०२१ पासून तर लायसन्सही लागत नाही. दुसरी म्हणते, पाटी नुसती असते, पकडलं तर दोनशे डॉलर दंड, विषय संपला. नेमकं काय धरून चालायचं? आम्ही दोघं ग्रीन कार्डवर आहोत, २०२२ पासून.

---

प्लेनोचे_काका

मुक्ताई, बाकी सगळं नंतर. पर्स सासूबाईंकडे देऊ नका. फेअर असो, मॉल असो, देऊळ असो.

त्या व्हिजिटर व्हिसावर आल्या असतील. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा गंभीर गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षेची कमाल मर्यादा १५ वर्षं झाली. नोकरीचा एच-१बी, कुटुंबाचा एच-४, शिक्षणाचा एफ-१, सगळे व्हिसे त्यात आले. शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत, पण सासूबाई काही हरणं मारायला आलेल्या नाहीत. आत काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, असा बचाव होऊ शकतो, मान्य. पण तो कोर्टात करायचा असतो. आणि जाणूनबुजून देणाऱ्यासाठी वेगळं कलम आहे.

मी २३ वर्षं टेक्सासमध्ये आहे, त्यातली ११ लायसन्स घेऊन. आपल्या लोकांमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. पिस्तूल कमरेला असलं तर ते कुणाकडे द्यायचं सुचत नाही. पर्समध्ये असलं की पर्स "जरा धर गं" होते.

---

मुक्ताई_फ्रिस्को

काका, वाचून पोटात गोळा आला. घरी आल्यापासून पर्स डायनिंग टेबलावर असते आणि सासूबाई रोज उचलून खुर्चीवर ठेवतात. आत्ताच वर कपाटात टाकली. कुलूप लावलं.

---

प्लेनोचे_काका

कुलूप उत्तम. आता फेअर.

२०२१ चा कायदा तुमच्या सहकाऱ्याला अर्धाच माहीत आहे. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून २१ वर्षांवरच्या, बंदूक बाळगायला कायद्याने पात्र असलेल्या माणसाला लायसन्सशिवाय हँडगन बाळगता येते. पण *कुठे* न्यायची नाही, ती यादी कायम आहे: शाळा, कोर्ट, मतदान केंद्र, विमानतळाचा सुरक्षित भाग, ज्या बारची निम्म्याहून जास्त कमाई दारूतून आहे असा बार, शाळा-कॉलेजचे आणि व्यावसायिक सामने. फेअर पार्कातल्या कॉटन बोलमध्ये १२ ऑक्टोबरला टेक्सास-ओक्लाहोमाची मॅच आहे. त्या दिवशी स्टेडियममध्ये कुठल्याही पाटीशिवाय बंदीच.

यादीत "अम्युझमेंट पार्क"ही आहे, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की पाळणे आहेत म्हणजे फेअर त्यात आला. नाही. कायद्याची व्याख्या फार काटेकोर आहे: दहा लाखांवर लोकसंख्येची काउंटी, किमान ७५ एकर, नियंत्रित प्रवेश, कायम पहारा, *आणि वर्षात १२० दिवसांहून जास्त चालू*. फेअर २४ दिवसांचा. म्हणजे राज्याचा कायदा स्वतःहून इथे मनाई करत नाही.

मग उरते जागा चालवणाऱ्याची मनाई. टेक्सासमध्ये तिला नुसतं "थर्टी ओ सिक्स" म्हणतात, पीनल कोडचं (राज्याच्या दंडसंहितेचं) कलम ३०.०६. लायसन्सवाल्याने लपवून नेलेल्या हँडगनसाठी ती पाटी. मजकूर कायद्याने ठरवून दिलेला, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, ठळक अक्षरं किमान एक इंच उंच, रंग उठून दिसणारे. उघड बाळगण्यासाठी ३०.०७ वेगळी. बंदुकीवर आडवी लाल रेघ मारलेलं गोल चित्र लायसन्सवाल्यावर बंधनकारक नाही. पण पाटी हाच एक मार्ग नाही. छापील कागदावर तोच मजकूर दिला किंवा गेटवरच्या माणसाने तोंडी सांगितलं, तरी सूचना मिळाली असंच धरतात.

---

नागपुरी_ऑस्टिन

बा, मग खटला कशाचा चाललाय? खाजगी जागेवर मालक म्हणेल ते, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

---

प्लेनोचे_काका

तिथेच तर गंमत आहे. जागा खाजगी नाही. फेअर पार्क डॅलस शहराचा, २७७ एकर. मेळा भरवणारी स्टेट फेअर ऑफ टेक्सास ही खाजगी ना-नफा संस्था, शहराकडून जागा कराराने घेते. आणि टेक्सासचा कायदा म्हणतो की सरकारी मालकीच्या जागेवर शहराने पाटी लावून लायसन्सवाल्याला अडवायचं नाही, अडवलं तर शहराला दिवसाच्या हिशोबाने दंड. ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांचं म्हणणं, जमीन शहराची म्हणजे बंदीही शहराचीच. शहर आणि फेअर म्हणतात, निर्णय संस्थेचा, शहराचा त्यात हात नाही.

मजा म्हणजे ॲटर्नी जनरलच्या कार्यालयानेच २०१६ मध्ये लेखी मत दिलं होतं की शहराची जागा भाड्याने घेतलेली खाजगी ना-नफा संस्था, शहराचं नियंत्रण नसेल तर, अशी पाटी लावू शकते. ते मत यंदा मागे घेतलं.

बंदी का आणली ते तुम्हाला आठवत असेलच. गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरला फूड कोर्टात गोळीबार झाला, तिघं जखमी झाले. लोक कॉर्नी डॉग टाकून पळत होते ते व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरले होते.

---

निवृत्त_सुभेदार

साताऱ्याहून लिहितोय. माझ्याकडे रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. विषय तिकडचा असला तरी इथलं सांगतो, म्हणजे इकडे येणाऱ्यांचा गैरसमज नको. २०१६ च्या आर्म्स रूल्समधला नियम ३२ वाचा: सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, *पूर्ण झाकलेलं* आणि आपल्या ताब्यात हवं. काढून दाखवणं, नाचवणं पूर्ण बंद. म्हणजे आपल्याकडे "झाकून नेणं" ही सवलत नाही, सक्ती आहे. शिवाय गणपती, मोर्चे, यात्रा आल्या की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, तो वेगळा. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोकसभेच्या वेळी माझं हत्यार पोलीस ठाण्यात जमा होतं, पावती अजून आहे. आता विधानसभेला पुन्हा नेऊन ठेवावं लागेल.

ताईंना एकच सांगणं. गर्दीत हत्यार घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं अर्धं लक्ष हत्याराकडे असतं. तुम्ही नातेवाईक फिरवायला चालला आहात.

---

चहा_बिस्कीट

मेळ्यात बंदूक लागते अशा देशात राहायचंच कशाला?

---

मुक्ताई_फ्रिस्को

@चहा_बिस्कीट, पहिली ओळ पुन्हा वाचा.

@सुभेदार काका, पटलं. पण दोनशे डॉलरचं कोडं सुटलं नाही. ते खरं आहे का?

---

प्लेनोचे_काका

आकडा खरा आहे. सूचना असताना ३०.०६ मोडलं तर क्लास सी, म्हणजे सगळ्यात किरकोळ पायरीचा गुन्हा, दंड २०० डॉलरपर्यंत. पण समोरासमोर "बाहेर जा" सांगूनही गेला नाहीत तर थेट वरच्या पायरीचा क्लास ए, एक वर्षापर्यंत जेल आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड.

तुमची मैत्रीण जन्माने अमेरिकन असेल तर तिच्यासाठी विषय तिथे संपतो. तुमच्यासाठी तिथे सुरू होतो. इमिग्रेशन कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यांचं स्वतंत्र कलम आहे. बंदूक *बेकायदा बाळगल्याबद्दल* दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं, आणि गुन्हा मोठा की किरकोळ याची पायरी त्या कलमात नाही. पाटी मोडण्याचा क्लास सी त्यात बसतो की नाही यावर वकील बोलतील, मी नाही. पण ज्या प्रश्नाचं उत्तर ताशी ४०० डॉलर देऊन मिळतं, तो प्रश्न कॉर्नी डॉगसाठी अंगावर का घ्यायचा? २०२७ मध्ये तुम्ही नागरिकत्वाचा फॉर्म भराल. त्यात कधी अटक झाली का, कधी पोलिसांची साधी नोटीस मिळाली का, सगळं विचारतात.

---

इर्विंगकरीण

+१. आणि गाडीत ठेवायचा विचार असेल तर तोही सोडा. पार्किंगसुद्धा मेळ्याच्याच हद्दीत मिळायची शक्यता जास्त, आणि डॅलसमध्ये गाड्या फोडून काय चोरतात हे वेगळं सांगायला नको. मी ते घरी कुलपात ठेवते. आपल्या नवरात्राच्या गरब्याचंही बघा: कार्यक्रम शाळेच्या सभागृहात असेल तर लायसन्स असलं तरी नाही. देवळात टेक्सासमध्ये २०१९ पासून स्पष्ट परवानगी आहे, पण देवळाने ३०.०६ लावलेलं नसेल तरच. दारात चपला काढताना पाट्या वाचायची सवय लावून घ्या.

---

प्लेनोचे_काका, २७ सप्टेंबर

अपडेट. अपील कोर्टानेही नाकारलं होतं, काल रात्री टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. एका न्यायमूर्तींनी तर लिहिलंय की फेअरला खाजगी संस्था म्हणून लोकांना अडवायचा अधिकार आहे की नाही, या मुख्य प्रश्नावर राज्याने भूमिकाच घेतलेली नाही. मूळ खटला चालू राहील. आज सकाळी गेट उघडलं, बंदी लागू आहे. हजर आणि निवृत्त पोलीस अधिकारी सोडून सगळ्यांना.

---

मुक्ताई_फ्रिस्को, २९ सप्टेंबर

जाऊन आलो. पिस्तूल घरी तिजोरीत. रोजची पर्सच नेली नाही, कापडी पिशवी घेतली, म्हणजे सवयीने हात तिकडे जायला नको.

गेटवर पाटी खरंच भिंतीएवढी आहे, काका म्हणाले तशी दोन भाषांत. मी वाचत उभी राहिले आणि मागून यंत्र वाजलं. सासरे. खिसे रिकामे करायला लावले: चंची, किल्ल्या, रुमाल आणि अडकित्ता. पितळी, मोराच्या आकाराचा, त्यांच्या वडिलांचा. गार्डने तो दोनदा उघडून मिटला आणि दुसऱ्या गार्डला बोलावलं. सासऱ्यांनी चंचीतून सुपारी काढली आणि कातरून दाखवली, एक खांड त्याच्या पुढे केलं. रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं. गार्ड हसला, पण अडकित्ता काही आत सोडला नाही.

नवरा अडकित्ता घेऊन गाडीपर्यंत गेला, २० मिनिटं जायला, २० यायला. तोवर सासूबाई मला विचारत होत्या, की तू इतकी बारीक पाटी वाचत होतीस, त्यात अडकित्त्याचं लिहिलं नव्हतं का.

@इर्विंगकरीण, गरबा यंदा शाळेतच आहे. पण दांडियाच्या काठ्या चालतात ना? आता सगळंच विचारून घेते.