डून एंगस: आई-बाबांना घेऊन एका दिवसात जमेल का?

डब्लिनचा_सातारकर
मंडळी, आई-बाबा आलेत दीड महिन्यासाठी. बाबा पक्के गडवाले, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या इनिश मोर बेटावरच्या डून एंगस किल्ल्याचे फोटो बघितल्यापासून डोकं खाल्लंय नुसतं. आईचे गुडघे दुखतात, वर बोट लागते. गॉलवे शहरात राहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं होतं का? आणि खरं सांगा, गड म्हणावं असं काही आहे का, का नुसत्या दगडांच्या राशी?

कोकणकन्या_८४
होतं की. रॉसाव्हील बंदरातून बोट, 40 मिनिटं लागतात, पण आधी गॉलवेहून तिथवर बस आहे ती वेळ धरा. बेटावर किलरोननच्या धक्क्यावर उतरलात की सायकलवाले, घोडागाडीवाले, मिनीबसवाले सगळे उभेच असतात, किल्ला साधारण 7 किमी, तुम्ही मिनीबसच घ्या. तिकीट किलमर्वीला, तिथून पुढे पाऊण-एक किमी चढ पायीच, आणि शेवटचा टप्पा वेड्यावाकड्या दगडांचा. माझ्या सासूबाई काठी टेकत गेल्या वर, उतरताना मात्र बसत बसत आल्या. बोट लागत असेल तर कनेमाराहून छोटं विमान जातं, दहा मिनिटांत बेटावर, फक्त त्यात बसायच्या आधी माणसांचं पण वजन करतात 😄

गडकोट_भटक्या
राशी काय राव! एकात एक दगडी तट आहेत, सगळ्यात आतला 4 मीटर जाड, चुना नाही की माती नाही, नुसता दगडावर दगड. पहिलं बांधकाम इसवी सनापूर्वी 1100 च्या आसपासचं, नंतर पुन्हा पुन्हा वाढवलंय. 1990 च्या दशकात खोदकाम झालं त्यात घरांचे पाये आणि ब्राँझ ओतायचे मातीचे साचे सापडले, म्हणजे माणसं राहत होती तिथे. आता दिसणारे टेकू वगैरे 1880 च्या दशकातल्या डागडुजीतले, तेवढं बाबांना आधीच सांगा नाहीतर तिथे उभं राहून वाद घालतील. आणि त्यांना तटाबाहेरचे टोकदार दगड दाखवा, जमिनीत दाटीने उभे रोवलेत, धावत येणारा माणूस असो की घोडा, पाय अडकलाच पाहिजे. आपल्याकडे दरवाजाला हत्तीसाठी खिळे मारायचे ना, तीच अक्कल.
चौथ्या बाजूला तटच नाही, सरळ कडा आणि खाली अटलांटिक.

नीता_कॉर्क
कड्याचंच लिहायला आले. कठडा बिठडा काही नाही, खाली 90-100 मीटर. लोक पोटावर झोपून डोकावतात, आमच्या ह्यांनी पण केलं आणि मी मागून पाय धरून बसले होते. वारा असेल तर कडेला जाऊच देऊ नका. बाबांना शांतपणे बघायचं असेल तर किलरोननच्या जवळ ब्लॅक फोर्ट पण आहे, तोही कड्यावरच, गर्दी कमी, पण वाट खडकाळ, आईंना नको.

डब्लिनचा_सातारकर
धन्यवाद सगळ्यांना. शनिवारची बोट बुक केली. विमान सुचवलं होतं, पण वजनाचं ऐकल्यावर आई म्हणाली, "मी बोटीतच ओकत येईन."