नव्या पिढीला कॉम्प्युटर खरंच जास्त कळतो का?

प्रश्न:
माझी पुतणी अकरावीत आहे. फोनवर व्हिडिओ इतक्या सफाईने एडिट करते की बघत राहावं. पण प्रोजेक्टची फाइल मेलला जोडायची वेळ आली, तर ती कुठे सेव्ह झालीये हेच तिला सांगता येईना. "ॲपमध्ये आहे ना, काकू!" फोल्डरात फोल्डर असतो ही कल्पनाच तिच्या डोक्यात नाही. मला खरंच काळजी वाटते. तुमचा काय अनुभव?

उत्तर १:
तिचा दोष नाही हो. मी डॉसवर शिकलो, म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या जुन्या सिस्टिमवर. फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवायचं, पुढे फाइलचा प्रकार सांगणारं तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन, आणि डिरेक्टरी (म्हणजे फोल्डर) माहीत नसेल तर काम तिथेच अडायचं. मशीनच शिकायला भाग पाडत होतं. आयफोन 2007 ला आला आणि त्यात फाइल्सचं ॲप आलं थेट 2017 ला! मुलांना फाइल दिसणार कुठे?

उत्तर २:
माझी आई सत्तरीत. प्रत्येक पायरी वहीत लिहिते, बटणाची जागा बदलली की अडते. पण ओटीपी कुणालाही सांगत नाही. माझा मुलगा मात्र ॲपने परवानगी मागितली की न वाचता 'अलाऊ' दाबतो. मग जास्त कुणाला कळतं?

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. रविवारी पुतणीला लॅपटॉपवर बसवते. आधी फक्त तीन गोष्टी: फोल्डर बनवणं, फाइलला नाव देणं, बॅकअप घेणं. आणि परवानग्यांची यादीही दोघी मिळून वाचू.