थायरॉइडची गोळी, कमी हिमोग्लोबिन आणि दोन वेळांचं जेवण: जमवायचं कसं?

मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, पण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही तशीच येतात.

वय 43, उंची 5 फूट 2 इंच, वजन 71 किलो, कंबर 94 सेंमी. बीएमआय साडेअठ्ठावीसच्या आसपास. आपल्याकडे 25 पासूनच लठ्ठपणा धरतात, तेव्हा मी कुठे बसते ते कळलं असेल. थायरॉइडची 75 ची गोळी चालू आहे. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 5.9, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हिमोग्लोबिन 10.4, त्यासाठी लोहाची गोळी. शाकाहारी आहे. अंडं मला चालतं, पण घरात शिजत नाही (सासूबाई!). बैठी नोकरी, ठाण्याहून सकाळची लोकल.

मागच्या वर्षी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या एका 'कोच'चा कीटो प्लॅन घेतला होता. भात, पोळी, भाकरी बंद. पनीर, चीज, लोणी चालू. पहिल्याच आठवड्यात काटा असा उतरला की ग्रुपवर टाळ्या. डॉक्टर म्हणाले, यातलं बरंचसं पाणी आहे. पिष्टमय खाणं बंद केलं की शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा संपतो, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. भाकरी सुरू झाली, वजन परत. दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळायला लागले, बाथरूमची जाळी रोज तुंबायची. कोचचं उत्तर: 'डीटॉक्स होतंय.' केस नंतर आले, पण धसका बसलाय.

आता घरात दोन पक्ष आहेत. नणंद डॉ. दीक्षितांच्या पद्धतीची पक्की: कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, 55 मिनिटांत आटपायचं, मधे पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा, आणि रोज 45 मिनिटं चालणं. तिला गुण आलाय, नाकारत नाही. बहीण ऋजुता दिवेकरांच्या बाजूची: घरचं खा, तूप खा, उपाशी राहू नको. दोघी भेटल्या की माझं ताट राहतं बाजूला.

मला विचारायचंय ते एवढंच:
दोन वेळा जेवायचं ठरवलं तर थायरॉइडची आणि लोहाची गोळी कधी घ्यायची?
दोनच जेवणांत शाकाहारी माणसाची प्रथिनं भरतात का?
श्रावणातले उपास येतायत, साबुदाण्याचं काय?
आणि हो, मिस्टरही म्हणतायत, 'मी पण तुझ्याबरोबर करतो.' त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत.

---

प्रतिसाद:

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण घाई तिथे आहे. मिस्टरांच्या गोळ्यांची नावं बघा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जायची भीती कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर जेवण वगळल्यावर घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. डॉक्टरांनी डोस बदलल्याशिवाय त्यांनी एकही जेवण गाळू नये.

तुमचं. थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. लोहाची गोळी त्यापासून किमान चार तास लांब, शक्यतो लिंबूपाण्याबरोबर. जेवणावर लगेच चहा घेत असाल तर तो आधी बंद करा, लोह अंगी लागत नाही. आणि नुसती गोळी घेत राहू नका. या वयात पाळी जास्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गळती तशीच ठेवून टाकी भरत नाही.

प्रथिनं 50 ते 55 ग्रॅम तरी हवीत. तीस ग्रॅम कोरड्या मुगाच्या उसळीतून सातेक ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांतून सहा. म्हणजे दोन जेवणांत भरतात, पण दोन्ही वेळा ताटात उसळ किंवा घट्ट वरण, शिवाय वाटीभर दही आणि पनीर किंवा सोयाबीन हवं. वरणाच्या पाण्यावर भागत नाही. जमत नसेल तर तीनदा जेवा. दोन की तीन यावरून भांडण्यात अर्थ नाही, दिवसभराचं एकूण किती ते बघा.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही.

आठवड्याला अर्धा किलो पुरे. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. साडेतीन किलो जरी टिकून कमी झाले तरी साखरेत फरक दिसायला हवा.

---

धागाकर्ती:

खूप आभार! मिस्टरांची स्ट्रिप काढून बघितली, मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड आहे. त्यांना तूर्त जेवणानंतरच्या चालण्यापुरतंच सामील केलंय, डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळाली. लोहाची गोळी दुपारच्या डब्यानंतर घ्यायची ठरवली आहे, तेव्हाचा चहा बंद. चारचा चहा मात्र कुणी मागू नका.

ता.क. डब्यातली उसळ दुपारपर्यंत आंबूस होते. लोकलच्या गर्दीत टिकेल असं उसळीऐवजी काय नेता येईल, ते कुणी सांगेल का?