सल्ला हवा: बोलेरो पिकअपला १००० वॅटचा अँप (अँप्लिफायर) घालू काय?

भाजीवाला_साखळी
नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो पिकअप, सिंगल केबिन. आठवड्यातले चार दिवस पहाटे बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाटातून म्हापशाला उतरतो. घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिनाचा घोंगाट एवढा, की भजनातला पेटीचा सूरच कळत नाही. टेप वाढवला तर आवाज नुसता फाटतो. टेप साधा सिंगल डिन, मागे आरसीएची (अँपकडे सिग्नल नेणाऱ्या वायरीच्या खोबणीची) एकच जोडी. दारातले स्पीकर जुनेच. बजेट १५ हजार. एक दुकानदार म्हणतो, १००० वॅटचा अँप आणि सीटमागे बारा इंची दोन सब (खर्ज वाजवणारे मोठे स्पीकर) घाल. शिवाय शिगम्याला हौद्यात मोठे स्पीकर लावायचे म्हणून वाड्यावरची पोरं मागे लागलीत. त्याच अँपवर चालतील काय?

वायरमन_फोंडा
खोक्यावरचे १००० वॅट विसर. आत पुस्तिकेत ‘आरएमएस, ४ ओहम’ असं लिहिलेला आकडा बघ, तोच खरा, म्हणजे ४ ओहम रोधाच्या स्पीकरला सतत देता येणारी ताकद. तुझ्या केबिनला दर चॅनल ५० वॅट आरएमएस म्हणजे भरपूर. चार चॅनलचा क्लास डी (कमी तापणारा प्रकार) घे. दोन चॅनल दारांना, उरलेले दोन ब्रिज करून (एकत्र जोडून) पुढे कधीतरी एखादा आठ इंची सब. बारा इंची दोन ठेवलेस तर तू कुठे बसणार रे?

हिशेब कर. दारांना १०० आणि सबला १५०, मिळून २५० वॅट. क्लास डी साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर बॅटरीकडून ३१२ वॅट ओढणार. गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट, म्हणजे जेमतेम २३ अँपिअर. तेच जुन्या धाटणीच्या क्लास एबीला ३३च्या आसपास लागतात. ती जादा ओढलेली वीज उष्णता होऊन सीटमागे कोंडणार, आणि आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला नको.

वायर ८ गेज जाडीची, अस्सल तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर त्याच जाडीत स्वस्त मिळते. टोक चाकूने खरवड, आत पांढरं दिसलं तर परत कर. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, फार तर दीड फूट. फ्यूज अँप वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. माझ्या स्वतःच्या गाडीत एका दुकानात फ्यूज लावला तो थेट अँपजवळ. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडलं, पण रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारं कडं) घातलाच नाही. दोन पावसाळे गेले, पत्र्याच्या धारेने वायर सोलली आणि डॅशबोर्डखालून धूर. मॅटखालचा चटका अजून आहे, बघायला ये.

तांबडीमाती
वॅटवर एवढी चर्चा, दाराकडे कोणी बघतच नाही. पिकअपचं दार म्हणजे पत्र्याचा डबा. आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी) चिकटव, स्पीकरच्या कडेने फोमची पट्टी दे, मोठाली भोकं बंद कर. एवढ्यानेच निम्मा फरक पडतो. पण दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नको हं. मी बुजवली होती. जुलैत दार उघडलं की आत पाणी डुचमळायचं, आणि चतुर्थीपर्यंत खालची कड गंजून पोपडे.

अँप जमिनीवर ठेवू नको. चिखलाचे पाय, ओल्या गोणी, सगळं तिथेच येतं. सीटमागे प्लायची फळी उभी मारून तिच्यावर बसव.

वायरमन_फोंडा
बरोबर. आणि शिगम्याचं: नाही. उघड्यावर कारचा अँप पुरत नाही, जाळून घेशील. भाड्याचा सेट आणा, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, तो पोरांना आधी वाचून दाखव.

भाजीवाला_साखळी
दादा, घेतला. क्लास डी, चार चॅनल. सब सध्या नाही, दारं केली. चुलतभावाने आणि मी रविवारी बसवला. पण गाडी सुरू केली की कुईंऽऽ असा बारीक आवाज, ॲक्सिलरेटर दाबला की वर चढतो. काय चुकलं?

वायरमन_फोंडा
अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) बोलतोय. आधी अँपमधून आरसीए काढून बघ. आवाज गेला तर दोष टेपकडचा किंवा आरसीए वायरीचा, राहिला तर अँपच्या अर्थिंगचा किंवा पॉवर लाइनचा. अर्थची वायर पॉवरएवढीच जाड आणि हातभराहून कमी हवी. जिथे बोल्ट मारलास तिथला रंग काढलास काय? आणि आरसीए एका बाजूने, पॉवर दुसऱ्या बाजूने आणली आहेस ना?

भाजीवाला_साखळी
आरसीए काढली तरी आवाज होताच. रंग काढलाच नव्हता! पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला, दात्यांचा वॉशर घातला, वरून ग्रीस. कुईं गायब. आता गेन किती ठेवू? भाऊ म्हणतो फुल्ल.

वायरमन_फोंडा
भावाला लांब ठेव. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, टेपचा सिग्नल आणि अँप यांचा मेळ घालायचा स्क्रू. स्पीकरच्या वायरी काढ, बास-ट्रेबल शून्यावर, हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) बंद. मोबाइलवर ५० हर्ट्झचा सूर लाव, टेप पाऊण आवाजावर. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या दाराकडच्या चॅनलवर धर. ५० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४. चौदा व्होल्ट दिसले की थांब. मग स्पीकर जोडून हायपास ८० हर्ट्झला. दारातल्या स्पीकरकडून ढोल वाजवून घेऊ नको. आणि जुने स्पीकर ५० वॅट आरएमएसचे नसतील तर त्यांच्या आकड्याने हिशेब कर.

भाजीवाला_साखळी
जुने २५ वॅटचे निघाले, म्हणून १० व्होल्टवर थांबलो. आज पहाटे घाटात झांज आणि पखवाज वेगवेगळे ऐकू आले. देव बरें करूं दोघांना. फक्त डाव्या दारात मधूनच खण्ण असं वाजतं. स्पीकर सैल असेल?

तांबडीमाती
दाराच्या खणात काय ठेवतोस?

भाजीवाला_साखळी
अरे देवा. वजनं. शंभर ग्रॅम, दोनशे ग्रॅम.