पुंगळ्या भट्टीत घालायच्या की पुन्हा भरायच्या?

तापीकाठ (धागाकर्ता)
वरणगावच्या आयुध निर्माणीत रायफलची काडतुसं बनतात. तिथून तासाभरावर जळगावात मोठ्या बोअरची रायफल चालवणारी मोजकी मंडळी मात्र एकेक बार हिशेबाने काढतात. काडतुसातला पुन्हा वापरता येण्यासारखा भाग म्हणजे पितळेची पुंगळी. बार झाला की गोळी गेली, दारू जळली, बुडाशी असलेली, दारू पेटवणारी टोपी फुटली. पितळ तसंच राहतं. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. अमेरिकेत, युरोपात नेमबाज आपल्याच पुंगळ्या आपणच भरतात. खर्च वाचतो हे खरं, पण मुख्य म्हणजे प्रत्येक काडतूस आपल्या रायफलला जुळेल असं एकसारखं भरता येतं. आपल्याकडे तीच पुंगळी मोडीच्या भावाने वितळते. परवानाधारक क्लबांना पुनर्भरणाची मुभा द्यावी आणि रेंजवर टाकून दिलेलं पितळ त्यांना मिळावं, असं माझं मत आहे. तुमचं?

कोत_हवालदार
'टाकून दिलेलं' म्हणजे कुठलं हो? मी धुळ्याला राज्य राखीव दलात नोकरी केली. फायरिंग संपलं की जेवढे राउंड दिले तेवढ्या पुंगळ्या मोजून कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा. एक कमी पडली तर अख्खी कंपनी गवतात वाकलेली, आणि श्रावणातलं गवत म्हणजे गुडघाभर. कुणी म्हणायचं नाही की जाऊ द्या, एकच तर आहे. तेव्हा बाहेर कुणाच्या हातात सरकारी पुंगळी दिसली, तर ती आली कुठून हा पहिला प्रश्न. भरायची कशी, हा फार पुढचा.

पितळभट्टी
कायदा क्षणभर बाजूला ठेवा, धातूकडे बघा. भंगारातली पुंगळी किती वेळा उडाली, कुठल्या रायफलमधून, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. प्रत्येक बाराला पितळ ताणतं आणि कडक होत जातं. .३०३ च्या जुन्या रायफलींचे चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, सैल, कारण त्या चिखलमातीत चालाव्यात म्हणून बनवलेल्या. त्यामुळे पुंगळी बुडाच्या थोडी वर आतून पातळ होते. बाहेरून चकचकीत. पुढच्या बाराला तिथेच तुटली तर तप्त वायू मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे.

शिवाय टोपीचा प्रकार. अमेरिकी नागरी काडतुसांना बहुतेक बॉक्सर टोपी असते, पुंगळीच्या मधोमध एक छिद्र, म्हणून जुनी टोपी सहज निघते. ब्रिटिश वळणाच्या जुन्या .३०३ ला बर्डन: दोन बारीक छिद्रं आणि टोपी जिच्यावर आपटून पेटते ती ऐरण पुंगळीतच. ती काढणं जिकिरीचं, आणि तिला बसणारी नवी टोपी इथे विकत कोण देतो? जुन्या टोप्यांत पारा असला तर पितळ ठिसूळ होतं, ते वेगळंच.

आणि हे तर आपल्याच देशातलं उदाहरण. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया ताण राहिलेल्या पितळेला फोडतो, हे १९२१ मध्ये नीट सिद्ध झालं. आता सांगा, गुरांच्या गोठ्याशेजारी भंगारवाल्याच्या पोत्यात पडलेलं पितळ तुम्ही डोळ्याजवळ धराल?

सातपुडा_पायथा
भो, आमना आठे रानडुकरे मका उजाडी टाकतस. मना आजानी ठासणीनी बंदूक शे, लायसननी. दरेक बारले दारू आम्हीच भरतस. मंग ते चालस आनि पुंगळी भरेल चालत नही, हाई कसं काय?
(शुद्ध मराठीत: डुकरं मारायला नाही हो, बार काढला की पळतात. पण मुद्द्याचं उत्तर द्या.)

पितळभट्टी
प्रश्न रास्त आहे. ठासणीत काळी दारू असते. तिच्यातही माणसं भाजतात, पण थोडंफार कमीजास्त झालं तर बहुधा निभावतं. रायफलच्या काडतुसात बिनधुराची दारू, दाब चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या घरात. तिथे चिमटीचा अंदाज चालत नाही. त्यात आपला उन्हाळा. भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेली दारू उष्णतेने आतून खराब होत जाते. गरम काडतुसाचा दाबही वाढतो. दारू किती भरायची याचा थंड देशातला तक्ता इथे मे महिन्यात जसाच्या तसा वापरणं मला तरी धाडसाचं वाटतं.

कलम_पंचवीस
वकिली करतो म्हणून लिहितो. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५: दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि घरी काडतूस भरणं बनवण्यात मोडणार नाही असं छातीठोक कुणी सांगू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. बंदुकीचा परवाना खिशात असला तरी तो बनवण्याचा परवाना होत नाही. कलम ४५ मध्ये किरकोळ सुट्या भागांना सूट आहे, पण ते भाग इतर पूरक भागांसोबत वापरायचा हेतू नसेल तरच. टेबलावर शोभेची एक पुंगळी वेगळी. शेजारी टोप्या, दारू आणि साचा सापडला की हेतूवर युक्तिवाद करायला मलाच जड जाईल. जिवंत काडतूस कुठे सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा, एवढं फुकट सांगतो.

तापीकाठ
पितळभट्टींचं भंगाराबद्दलचं म्हणणं घेतलं, ते पितळ सोडून देऊ. पण त्यांचा प्रत्येक आक्षेप अनोळखी पुंगळीवर आहे. पेटीतून नवं काडतूस मी काढलं, माझ्याच रायफलमधून उडवलं, त्या पुंगळीचा इतिहास मला पाठ आहे. ती क्लबच्या खोलीत, क्लबच्या नावावरच्या परवान्यावर, नोंद ठेवून का भरू नये? वकीलसाहेब कायदा आज काय आहे ते सांगतात. मी तो बदला म्हणतोय. आणि आता कुणीतरी गावठी पिस्तुलांसाठी बदनाम उमर्टी गावाचं नाव काढेलच. चोपड्याच्या पलीकडचे ते कट्टे काही नेमबाजांनी मुभा मागितली म्हणून बनत नाहीत.

कोत_हवालदार
उमर्टी मीच काढणार होतो. कट्टा कुणीही घडवेल, अडतं ते काडतुसावर. म्हणूनच त्याचा हिशेब एवढा घट्ट. तुम्ही क्लबात टोप्या आणि दारूचा साठा आणलात, तर तो साठा कोण मोजणार? आमच्याकडे एका पुंगळीसाठी कंपनी वाकायची, कारण कागदावर कुणाची तरी सही असायची. क्लबात सही कुणाची?

तापीकाठ
सचिवाची. आणि दर तिमाहीला ठाण्यातून तपासणी.

कोत_हवालदार
ठाण्यात टोपी आणि दारू मोजता येणारा माणूस आधी दाखवा.

सातपुडा_पायथा
आमनी ठासणी तपासाले बी कोनी येत नही, भो.